संदेशाला वीस गुण

गुणतक्ता हातात आला तेव्हा चष्मा लावून मी तो दोनदा वाचला. संहिता २०, अभिनय २०, दिग्दर्शन २०, सादरीकरण २० आणि शेवटच्या रकान्यात संदेश २०. एकूण शंभर. म्हणजे एखाद्या मंडळाने लोकांना साफ चुकीचं शिकवलं आणि बाकी सगळं झकास केलं, तरी त्यांना ऐंशी पडणार. ऐंशीला पहिला नंबर सहज येतो.

हे मी लगेच बोलले नाही. परीक्षक म्हणून पहिल्यांदाच बसत होते, आणि शेजारी जे नाट्यवाले सर होते त्यांनी राज्य नाट्य स्पर्धेसाठी चाळीस नाटकं बसवलेली. मी आरोग्य खात्यातली निवृत्त डॉक्टर, नोकरीची बहुतेक वर्षं रायगड जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत गेलेली. तिसऱ्या परीक्षक एक गटप्रवर्तक ताई. आशा सेविकांवर देखरेख करायची, स्कूटीवरून वाड्या पालथ्या घालायच्या, हे त्यांचं रोजचं काम. एका सामाजिक संस्थेने आरोग्यावरच्या उत्तम मनोरंजनाला बक्षीस द्यायचं ठरवलं होतं. पथनाट्य, भारूड, लघुपट, श्रुतिका, काहीही चालेल, फक्त त्यातून आरोग्याचं काही कळलं पाहिजे. "मॅडम, एकच दिवस द्यायचाय," असं फोनवर सांगितलं होतं. तो दिवस अडीच महिने चालला.

त्या शेवटच्या रकान्यावर मी एवढी का अडले, ते आधी सांगते.

१९९६ च्या पावसाळ्यात आमच्या केंद्राच्या हद्दीत जुलाबाची साथ होती. मी नुकती तिशी ओलांडलेली, उत्साह उतू चाललेला. जलसंजीवनीवर पथनाट्य मी स्वतःच लिहिलं. कृती सोपी: लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. पण चौकात उभं राहून कृती वाचली तर कुत्रंही थांबणार नाही, म्हणून एक सोंगाड्या घातला. तो तांब्यात मूठभर मीठ ओततो आणि म्हणतो, "खाल्ल्या मिठाला जागायचं, तर आधी भरपूर खायला नको?" मग नर्सबाई त्याला झापते आणि खरी कृती सांगते. मुठीच्या वाक्याला दर प्रयोगात हशा पिकायचा. अकरा प्रयोग झाले, मी प्रत्येक वेळी गर्दीच्या मागे उभी राहून तो हशा ऐकून खूश व्हायचे.

पंधरा दिवसांनी एक आजी दीड वर्षांच्या नातवाला घेऊन आली. पोर किरकिरत होतं, जीभ लाकडासारखी कोरडी, हात लावला की दचकत होतं. आजीने सोबत बाटली आणली होती, घरी केलेलं पाणी भरून. "तुमच्या नाटकातलंच दिलं बाई, मूठ घालून." मी बाटलीतले दोन थेंब जिभेवर ठेवले. समुद्र. जुलाबाने आधीच सुकलेल्या पोराच्या रक्तात वरून मीठ चढत होतं. आणखी दोन-चार वाट्या गेल्या असत्या तर झटके सुरू झाले असते. त्याला जीपमधून मोठ्या रुग्णालयात पाठवलं, तो वाचला. पण ती बाटली मी बरेच दिवस टेबलावर ठेवली होती. ज्या मीठ-साखर-पाण्यावर १९७१ साली डॉ. दिलीप महालनबीस यांनी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याचे हजारो रोगी उठवले, त्याच मीठ-साखर-पाण्याने मी एक पोर जवळजवळ घालवलं होतं. आजी चुकली नव्हती. तिने जे डोळ्यांनी पाहिलं ते केलं. नर्सबाई खरी कृती सांगत होती तेव्हा लोक अजून हसत होते, कुणाच्या कानात ती शिरलीच नव्हती.

असो.

एकूण सत्तावीस प्रवेशिका आल्या. दोन श्रुतिका, पाच लघुपट, बाकी पथनाट्यं आणि लोककलेचे प्रकार, सगळं पेनड्राइव्हवर. आम्ही तिघं संस्थेच्या एका खोलीत पंख्याखाली बसून लॅपटॉपवर बघायचो. पहिल्या दिवशी आठ झाली आणि सरांचं डोकं दुखायला लागलं. अकरा प्रवेशिकांत दारुडा नवरा होता. विषय दारूचा दोनच ठिकाणी, बाकीच्यांत तो नुसता सवयीने येऊन झिंगून जात होता. जवळजवळ सगळ्यांत शेवटी पांढरा कोट घातलेला डॉक्टर अवतरायचा आणि 'संतुलित आहार', 'वैयक्तिक स्वच्छता', 'नियमित तपासणी' असं छापील मराठीत बोलायचा. तीस वर्षांत मी एकाही पेशंटला 'संतुलित' म्हटलेलं नाही. त्यानंतर सगळे रांगेत उभे राहून घोषणा द्यायचे.

"हे नाटक नाही, हे परिपत्रक आहे," सर म्हणाले. ते बरोबरच होतं.

गटप्रवर्तक ताईंनी वेगळंच काही टिपलं होतं. त्यांनी एक व्हिडिओ थांबवला आणि म्हणाल्या, "ही पोरं कुणाकडे बघून बोलतायत बघा." पोरं कॅमेऱ्याकडे बघत होती. गावकरी त्यांच्या पाठीमागे, बॅनरही कॅमेऱ्याकडे तोंड करून. त्यानंतर आम्ही मोजायलाच लागलो. नऊ प्रवेशिकांत प्रेक्षकांच्या वाट्याला नटांची पाठ आली होती. बक्षीस ठेवलं की लोक परीक्षकासाठी नाटक करतात, ही आमच्याच स्पर्धेची करणी होती. आयोजकांना मी ते सांगितलंही. ते हसले आणि 'पुढच्या वर्षी बघू' म्हणाले.

पंधराव्या क्रमांकाची फाइल उघडली आणि सर खुर्चीत पुढे सरकले.

महाड तालुक्यातल्या एका वाडीतली पोरं. अठरा मिनिटांचं पथनाट्य, विषय सर्पदंश. लावणीचे दिवस, बांधावर चिखल, दोघे मित्र एकमेकांची उणीदुणी काढत रोपं लावतायत. संवाद अस्सल, मी त्या भागात राहिलेय, मला एक शब्द खोटा वाटला नाही. मग एकाच्या पायाला झोंबतं. "पान लागलं रं!" एवढंच ओरडतो, म्हणजे साप चावला. त्यानंतर जे काही झालं ते बघताना माझेही हात गार पडले. मित्र कंबरेचा करगोटा ओढून तोडतो, मांडीला करकचून बांधतो, खिशातून दाढीचं पातं काढतो, चावलेल्या जागी चीर देतो, तोंड लावून रक्त चोखतो आणि थुंकतो. थुंकी लालभडक. प्रेक्षकांतली एक बाई तोंडावर पदर घेते. मग भगत येतो, मंत्र मारू म्हणतो, मित्र त्याला ढकलून देतो आणि जखमीला पाठुंगळी मारून धावत सुटतो. दवाखान्यात डॉक्टर म्हणतो, "वेळेत आणलंत. दोरी बांधलीत म्हणून वाचला." शेवटी सगळे मिळून: मांत्रिक नको, दवाखाना गाठा.

सरांनी तिथल्या तिथे अठ्ठ्याऐंशी गुण दिले. संदेशाला वीसपैकी वीस. "शेवटचं वाक्य बघा ना. दवाखान्यात जा म्हणतायत. अजून काय पाहिजे?"

शेवटच्या वाक्यात खोट नव्हतीच. खोट होती ती मधल्या तीन मिनिटांत, आणि ती तीन मिनिटंच लक्षात राहणार होती. आमच्याकडे भातशेतात चावतं ते बहुतेक वेळा घोणस किंवा फुरसं. त्यांच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं आणि चावल्या जागचं मांस सडायला लागतं. अशा माणसाला पात्याने चीर दिली तर ती वाहतच राहते. चोखून विष निघत नाही. आणि करकचून बांधलेल्या दोरीखाली रक्त पोचत नाही. साप बिनविषारी निघाला तरी पाय जाऊ शकतो. बागायतीच्या पंपाच्या दोरीने बांधलेला, पोटरीपर्यंत काळा पडलेला एक पाय मी पाहिलाय. माणूस वाचला, पाय गेला. साप कुठला होता ते शेवटपर्यंत कळलं नाही, दोरी मात्र सगळ्यांना माहीत होती.

खरं तर महाडचंच नाव या विषयात मोठं. डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर जे काम केलं ते तिथेच केलं आणि जगाने ते घेतलं. त्याच तालुक्यातली ही पोरं, आणि दोरी-पातं त्यांच्या डोक्यात कुठून आलं असेल? माझ्यासारख्याच कुणीतरी कधीतरी चौकात दाखवलेलं असणार.

मी गुणतक्त्यावर पेन ठेवला आणि पहिल्या दिवशी गिळलेलं सगळं बोलले.

माझी एक भाची सार्वजनिक आरोग्य शिकायला अमेरिकेत गेली होती. तिच्याकडून मला सेंटिनेल पुरस्काराची गोष्ट कळली होती. लॉस एंजेलिसमध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचं नॉर्मन लिअर सेंटर आहे, त्यांचा 'हॉलिवुड, हेल्थ अँड सोसायटी' नावाचा उपक्रम तो देतो. २००० साली सुरू झाला. टीव्ही मालिकांच्या कथानकांना देतात, आरोग्याच्या जाहिरातींना नाही. म्हणजे एखाद्या मालिकेतल्या पात्राला एचआयव्ही होतो, कुणाला स्तनात गाठ सापडते, ते कथानक किती खरं आणि किती रंगलं, यावर. तिथे कथानक आधी त्या विषयाच्या जाणकारांकडे जातं. ते खरं-खोटं तपासतात. करमणूक किती झाली, बघणाऱ्याला उपयोग किती, हे वेगळं पाहिलं जातं. म्हटलं, आपणही दोन चाळण्या लावू. पहिल्या चाळणीत गुण नाहीतच. त्यात पास किंवा नापास. जिवाला धोका होईल असं काही दाखवलं असेल तर ते पुढे जाणार नाही. तिथून पुढे सरांचं राज्य.

सर भडकले. "मग पोस्टरलाच बक्षीस द्या! भिंतीवरच्या पोस्टरमध्ये एकही चूक नसते. कुणी वाचत नाही ते सोडा." आणि मग जरा थांबून, "मॅडम, या पोरांनी लोकांना अठरा मिनिटं जागेवरून हलू दिलं नाही. तुमच्या खात्याला तीस वर्षांत हे जमलं का?"

नव्हतं जमलं. जमलं होतं ते एकदाच, मूठभर मिठाच्या वाक्याला. ते मी त्यांना सांगितलं. आजी, बाटली, सगळं. सर गप्प झाले. पटलं म्हणून नव्हे, ते म्हणाले, "हे तुम्ही लिहा कुठेतरी." तेवढ्यात चहा आला.

चहावर विषय निघाला 'हमलोग'चा. १९८४ साली आम्ही होस्टेलच्या कॉमनरूममध्ये दाटीवाटीने बसून ती मालिका बघायचो. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी कुटुंबनियोजनासाठी मालिका करण्याची जी पद्धत बसवली होती, तिच्यावरून आपल्याकडे घेतलेली ती पहिली मोठी मालिका. शेवटी अशोककुमार यायचे आणि भागाचं सार सांगायचे. आता यातली भागवंती, ती सोशिक आई, लिहिणाऱ्यांनी कशासाठी घातली होती? असं सोसत बसू नका, हे दाखवायला. पुढे अभ्यासकांनी प्रेक्षकांना विचारलं तर कितीतरी जणांना तीच आदर्श वाटलेली, बायकांनाही. अशोककुमारांसारखा माणूस समोर बसून सांगत असताना ही गत, तर आमचा पांढऱ्या कोटातला डॉक्टर कोण लागून गेला!

गटप्रवर्तक ताई तोवर बिस्किट बुडवत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघं इथे बसून भांडताय. जिथे हे प्रयोग झाले तिथे जाऊन विचारू या ना. काय पाहिलंत म्हणून. आरोग्याचं नावच काढायचं नाही." मग जरा लाजल्यासारखं करून, "गाडगेबाबा तरी काय करायचे? दिवसा खराट्याने गाव झाडायचे, रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे. उत्तर आलं की पुढे."

आयोजकांच्या वेळापत्रकात हे बसत नव्हतं. माझ्या मारुतीचं पेट्रोल मी घातलं आणि आम्ही तिघं चार गावं फिरलो.

सर्पदंशाच्या वाडीत पोचलो तेव्हा प्रयोगाला महिना उलटून गेला होता. मंदिराच्या कट्ट्यावर पोरं खेळत होती. ताईंनी विचारलं, इथे नाटक झालं म्हणे, कसलं? दहाएक वर्षांचा एक पोरगा उठला, बुटाची लेस सोडली, शेजारच्या पोराच्या मांडीला गुंडाळली आणि दातांनी गाठ ओढली. बाकीची पोरं ओरडली, "ब्लेड! ब्लेड!" त्याने बोटाने चीर मारल्यासारखं केलं, वाकला, आणि लांब थुंकला. हुबेहूब. दवाखान्याचं कुणीच काही बोललं नाही. सरांनी त्या पोराकडे बराच वेळ बघितलं आणि त्याच्या मांडीची लेस स्वतः वाकून सोडवली.

एक गाव रोह्याच्या बाजूचं होतं. तिथल्या महिला मंडळाचं भारूड मी पहिल्या फेरीत जेमतेम पंचावन्नवर ठेवलं होतं. पेटी बेसूर, दोघींना ओळी आठवत नाहीत, एक तर मध्येच हसायला लागते आणि सगळ्या हसतात. विषय रक्तदाब. म्हातारी सासू बीपीची गोळी घेत असते, बरं वाटायला लागतं, म्हणून गोळीला निरोप देते. अगदी पाहुणीला द्यावा तसा: हळदीकुंकू लावते, खणाच्या चिंधीत गुंडाळते, "बरेच दिस राहिलीस बाय, आता आपल्या घरी जा" म्हणत कोनाड्यात ठेवते. सून हुशार. ती दुसऱ्या दिवशी भात शिजल्यावर चुलीतलं लाकूड ओढून घेते आणि सासूला विचारते, आता चहा का होत नाही हो? जाळ होता म्हणून तर भात शिजला. पेटीच्या गोंधळात हे सगळं मला व्हिडिओवर नीट ऐकूही आलं नव्हतं.

ओसरीवर बसलो. ताईंनी तोच प्रश्न विचारला. एक साठीची बाई काही न बोलता आत गेली आणि कुंकवाच्या करंड्याचा डबा घेऊन आली. त्यात बीपीच्या गोळीची, अम्लोडिपिनची पट्टी, आरोग्य केंद्रातून मिळालेली. "मी पण धाडली होती हिला सासरी," ती म्हणाली. "परत आणली." पट्टीतल्या सहा गोळ्या संपल्या होत्या, चार शिल्लक. तिने उपकेंद्रात जाऊन आधी दाब मोजून घेतला होता, मग गोळी सुरू केली होती. शेजारचीने लगेच सुनावलं, "चार दिवसांनी पट्टी संपंल, मग परत म्हणशील बरं वाटतंय." सगळ्या हसल्या. पाहुणीचं वाक्य त्या गावात आता म्हणीसारखं चालतं. कुणी औषध बंद केलं की 'हिने धाडली वाटतं' असं विचारतात.

परतीच्या रस्त्यावर सर गाडीत म्हणाले, "भारूड बेसूर होतं हे मात्र लिहून ठेवा." पेण येईपर्यंत दुसरं काही बोलले नाहीत. पेणला वडापाव खाताना म्हणाले, "दोन चाळण्या."

अंतिम बैठकीत सत्तावीसपैकी आठ प्रवेशिका पहिल्या चाळणीतच अडकल्या. भाजल्यावर टूथपेस्ट लावणारी आई, फिट आलेल्याच्या नाकाशी कांदा धरणारा शेजारी, ताप उतरल्यावर उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या मैत्रिणीला देणारी शिक्षिका. ही शेवटची तर नायिका होती! आयोजकांपैकी एकजण कुरकुरले, कारण अडकलेल्यांत त्यांच्या ओळखीचं मंडळ होतं. सरांनीच त्यांना गप्प केलं. भारूड पहिलं आलं. दुसऱ्या क्रमांकाच्या लघुपटाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चांगला होता, डेंग्यूवर, कुंडीखालच्या बशीतल्या पाण्यात घडणारा.

सर्पदंशाची पोरं बाहेर गेली होती, आणि ते मला रात्री झोपू देईना. निकाल लागून त्यांना नुसतं 'अपात्र' कळलं असतं तर त्यांनी ते नाटक तसंच पुढे चालवलं असतं. त्यांना गणेशोत्सवाच्या सुपाऱ्या आलेल्या होत्याच. भारतात २००० ते २०१९ या काळात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं सर्पदंशाने गेली असा अंदाज आहे, आणि ती बहुतेक अशाच वाड्यांतली. मी आयोजकांना सांगितलं, निकालाआधी मला त्यांच्याशी बोलायचंय. नियमात बसत नाही म्हणाले. मग मी नियमाबाहेर जाऊन बोलले.

मुख्य पोरगा टेम्पो चालवतो. नाटक त्यानेच लिहिलेलं, पातं काढणारा मित्रही तोच. माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. दोरी नको, चीर नको, चोखणं नको. धीर द्यायचा, पाय मोडल्यावर बांधतात तसा फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवायचा, अंगठी-जोडवी-पैंजण काढायचे कारण सूज येते, चालू द्यायचं नाही, आणि सरळ दवाखाना. कुणी आधीच दोरी बांधली असेल तर ती वाटेत झटक्यात सोडायची नाही, डॉक्टरसमोर सोडायची.

तो म्हणाला, "बरोबर हाय मॅडम. पण मग स्टेजवर दाखवू काय? गप पडून राहा, हलू नको. हे कोण उभं राहून बघंल?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बरोबर प्रथमोपचार बघायला कंटाळवाणा असतो, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही, पण खरं आहे. आम्ही त्याच्या टेम्पोच्या सावलीत बसलो होतो. मी आपली सवयीने पुढचं सांगत राहिले, दवाखान्यात गेल्यावर काय करतात ते. दोन मिली रक्त काढतात, काचेच्या स्वच्छ कोरड्या नळीत घालतात आणि नळी वीस मिनिटं तशीच उभी ठेवतात. हलवायची नाही, हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी एकदाच तिरकी करायची. रक्ताचा गोळा झालेला असेल तर ठीक. पाण्यासारखं ओघळलं, तर घोणस किंवा फुरसं. प्रतिविष लगेच सुरू. पण नळीतलं गोठलं म्हणूनही निर्धास्त व्हायचं नाही, कारण नाग-मण्यारीचं विष मज्जातंतूंवर जातं, तिथे नळी काही सांगत नाही. त्यात मण्यार रात्री अंथरुणात चावते, कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं आणि पापण्या उघडत नाहीत.

"वीस मिनिटं?" तो म्हणाला.

"वीस."

"आणि कुणीच हात लावायचा नाय?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्याचं नाटक सुरू झालं होतं.

बक्षीस समारंभ अलिबागला झाला. पाहुणे दीड तास उशिरा आले आणि चाळीस मिनिटं बोलले, त्यातली पस्तीस आरोग्याशी संबंध नसलेली. भारूडवाल्या एकसारख्या हिरव्या साड्या नेसून आल्या होत्या. सन्मानचिन्हावर मंडळाचं नाव चुकलेलं होतं, 'महिला'चं 'महीला'. त्यांचं त्याकडे लक्ष नव्हतं. चिन्ह कुणाच्या घरी राहणार यावर मंचावरच कुजबुज चालली होती. शेवटी सहा-सहा महिने असं ठरलं. मघाची साठीची बाईही आली होती, गाडीभाडं स्वतः काढून. मी विचारायच्या आत म्हणाली, "नवी पट्टी आणली."

त्यानंतर स्पर्धेबाहेरचा प्रयोग. सर गेले तीन रविवार महाडला जाऊन बसवत होते, हे मला तेव्हाच कळलं. बांध तोच, मित्र तेच, "पान लागलं" तेच. मित्र करगोट्याला हात घालतो आणि जखमीची आई तो हात धरते. मग आडवं पाडून फळी बांधणं, अंगठी काढणं, झोळीत घालून नेणं, हे सगळं दोन मिनिटांत उरकलं. आणि मंचाच्या मधोमध एक स्टूल, स्टुलावर चिकटपट्टीने उभी केलेली एक नळी, आत लाल. बाजूला भिंतीवरचं घड्याळ, खरंखुरं, काटा फिरणारं. वीस मिनिटं त्यांनी आठवर आणली होती, पण त्या आठ मिनिटांत कुणीही नळीला हात लावला नाही. भगत आला, भांडला, स्टुलापर्यंत गेला, हात मागे घेतला. बाप हिशेब करत बसला, गुरं कोण बघणार. मित्राने नळीकडे पाठ केली आणि तरी मान वळवून बघत राहिला. खुर्च्यांचा आवाज नव्हता. मला माहीत होतं की आत कोकमाचं आगळ आहे, तरी मी घड्याळाकडे बघत होते.

डॉक्टरने नळी उचलली, सगळ्यांना दिसेल अशी धरली आणि तिरकी केली. आगळ काचेवरून सरळ ओघळलं. मागच्या रांगेतून एक बाई मोठ्याने म्हणाली, "सुई दे, सुई दे लवकर!"

प्रयोगानंतर पोरगा मंचामागे चेहऱ्यावरचा रंग पुसत होता. त्यांना प्रमाणपत्रही मिळालं नव्हतं. स्पर्धेबाहेरच्यांना देण्याची तरतूद नाही असं आयोजक म्हणाले. त्याला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. त्याच्या हातात नळी होती, प्लास्टिकची, कुठल्यातरी लॅबमधून मागून आणलेली.

"मॅडम, तुम्ही काचेची म्हणाला होता. प्लास्टिकची चालत नाय का?"

"नाटकात चालेल. खऱ्यात नाही. काचेला लागून रक्त गोठायला सुरुवात होते, प्लास्टिकमध्ये तसं होत नाही. चांगलं रक्तही वेळेत गोठत नाही, मग फसायला होतं. आणि साबणाने धुतलेली पण नको."

त्याने नळी उजेडात धरून बघितली.

"मग ते पण टाकतो," तो म्हणाला. "भगतच प्लास्टिकची घेऊन येईल."